एक फोन करायला काय जात होतं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आणखी एक वाडा पाडायला घेतला आणि माळ्यावरचे मोडी कागद पोती भरून पस्तीवाल्याच्या, म्हणजे रद्दीवाल्याच्या, हातगाडीवर घातले. मला कळलं ते सगळं उरकल्यावर, एका लग्नाच्या पंगतीत. "सर, तुमच्या कामाचं बरंच होतं बघा त्यात. पण मोडी आता वाचतंय कोण?" अरे, मी वाचतो! याच बडोद्यात राहतो, तुझ्या वडिलांना ओळखत होतो, तुझ्या मुलीला इतिहास शिकवलाय. फ्लॅटच्या टाइल्स निवडताना दहा जणांना विचारलंत, मग आजोबा-पणजोबांचं दप्तर काढताना एका माणसाला विचारावंसं वाटलं नाही?

दुसऱ्या दिवशी पस्तीच्या दुकानात गेलो. माल मिलला रवाना झाला होता. तरी वाड्यावर जाऊन आलो. फडताळाच्या तळाशी अंथरलेला कागदाचा एक बंद तेवढा शिल्लक होता, घरखर्चाच्या रोजकीर्दीतला. वर शके १७९६, पौष. खाली तूप, गूळ, जळण, घोड्याची चंदी, आणि एका ओळीत पुण्याला पाठवलेल्या पत्राचं टपाल. बस, एवढंच.

शके १७९६चा पौष म्हणजे जानेवारी १८७५. बडोद्याच्या इतिहासात याहून मोठा महिना शोधून दाखवा. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याच्या सरबतात विष घातल्याचा आळ आला आणि या जानेवारीत मल्हारराव गायकवाडांना अटक झाली. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज सभासदांनी दोषी ठरवलं; जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांनी ठरवलं नाही. मतं बरोबरीत सुटली, तरी एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केलंच. मे महिन्यात कवळाणे गावाहून आणलेला मुलगा दत्तक घेतला गेला, ते सयाजीराव.

या सगळ्याची इंग्रजी बाजू आपल्याकडे प्रश्नोत्तरांसकट छापलेली आहे. साक्षीदार काय बोलला, महाराजांचा वकील बॅलंटाइनने उलटतपासणीत काय विचारलं, सगळं मिळतं. पण त्याच शहरात, दारात घोडा बांधून राहणारं मराठी घर त्या महिन्यात काय बोलत होतं? पगार मिळत होता का? लोकांनी धान्य भरून ठेवलं का? महाराजांनी खरंच विष घालायला लावलं असं शहराला वाटत होतं का? आणि पुण्याला जे पत्र गेलं त्यात काय लिहिलं होतं? पुण्याहून आलेलं उत्तर त्याच माळ्यावर असणार होतं. असे लोक आलेलं पत्र टाकून देत नसत, दोऱ्यात ओवून ठेवत. दीडशे वर्षं त्या पत्रांना कसर लागली असेल, उंदरांनी कडा खाल्ल्या असतील, पण काजळीची शाई टिकून राहते. ते सगळं किलोच्या भावाने गेलं. हातात काय आलं? त्या पैशांत हातगाडीवाल्याची हमाली तरी निघाली का?

वर म्हणतात, "सरकारी दप्तरात असेलच की." नसतं हो! कोठीतल्या सरकारी दप्तरात सरकारचा कारभार आहे. महसूल, इनामं, नेमणुका, फौजेचा खर्च. तुमच्या खापरपणजीला विधवा झाल्यावर पोटगी किती मिळत होती, बाळंतपणाला सुईणीला काय दिलं, मुंजीला किती पानं उठली, कुणाची सोन्याची पाटली कुठल्या सावकाराकडे गहाण पडली, हे सरकार कशाला लिहील? छप्पनियाचा दुष्काळ घ्या, १८९९-१९००चा. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४ लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली. हा आकडा शिरगणतीत मिळतो. पण बाजरीचा भाव दर आठवड्याला कसा चढत गेला आणि कुठल्या घराने गड्याला कधी काढून टाकलं, ते फक्त घरच्या वहीत सापडतं.

"इंटरनेटवर असेल" म्हणणाऱ्यांना तर उत्तर द्यायची ताकद उरलेली नाही. जो कागद कुणी पाहिलाच नाही, तो इंटरनेटवर कुणी चढवला?

आणि हे कुठलं शहर? १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डेन यांना आणून ज्याने गावोगाव ग्रंथालयं काढली, ते. रामायणाच्या एकेका श्लोकासाठी ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून जिथल्या प्राच्यविद्या मंदिराने चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ते. इतिहासकार गो. स. सरदेसाई इथेच नोकरीत होते, 'रियासत' या इतिहासग्रंथाचं लिखाण त्यांनी इथेच सुरू केलं. इतिहाससंशोधक राजवाडे जुन्या कागदांसाठी पायपीट करत घरोघर जायचे आणि लोक दारातून परत पाठवायचे, तरी वाईत मिळालेल्या कागदांवर १८९८ मध्ये त्यांनी पहिला खंड काढला. त्या काळी लोक कागद दाखवत नसत याचा राग यायचा. पण निदान ते जपून तरी ठेवत होते.

आणखी एक जात आहे, स्टँप जमवणाऱ्यांची, तिच्यावर माझा जास्त राग आहे. जुन्या दस्तावरचा संस्थानी स्टँप तेवढा कापून घ्यायचा आणि खालचा मजकूर फेकून द्यायचा. गहाणखत कुणाचं, जमीन कुठली, साक्षीदार कोण, सगळं कचऱ्यात, आणि चौकोनी तुकडा अल्बममध्ये. विकणारा जाणकार, घेणारा हौशी, दोघंही स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवतात. हा सरळ नाश आहे.

संस्थांनाही सोडणार नाही. एका घरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मिनतवारीने मिळवून एके ठिकाणी घेऊन गेलो, तर आधी अर्ज द्या, यादी करून आणा, जागा नाही, साहेब रजेवर आहेत. यादी करायलाच तर आणले होते! तोवर घरच्यांचा धीर सुटला. लोकांनी मग विश्वास ठेवावा कुणावर?

कागद विकणारी तीच माणसं सकाळी उठून ग्रुपवर गायकवाडांच्या पराक्रमाचे निरोप पाठवतात. साल चुकलेलं, चित्र भलत्याच सरदाराचं. मी दुरुस्ती केली की "सर, अभिमान महत्त्वाचा." तुमच्या मूळ पुरुषाला कुठल्या साली कुठली असामी, म्हणजे नेमणूक, मिळाली, हे सांगणारा कागद तुमच्याच माळ्यावर होता. तो तुम्ही विकलात. आता वंशावळ काढून द्या म्हणून माझ्याकडे येता, तर कशावरून काढू?

दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी, घडियाळी पोळ, जिथे कुठे जुनं घर असेल तिथल्यांना हात जोडून सांगतो. बोचकं सोडू नका, उन्हात टाकू नका, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. द्यायचे नसतील तर देऊ नका, कागद तुमचेच आहेत. मी येतो, तुमच्या ओसरीवर बसून फोटो काढतो, वाचून दाखवतो आणि होते तसे बांधून परत ठेवतो. पैसे नकोत, चहाही नको. रात्री अकराला फोन केलात तरी चालेल, फक्त हातगाडी दारात यायच्या आधी करा.