ब्राउझर सगळं करतो म्हणे, मग काउंटरवर या एकदा

सध्या एक पोस्ट जो तो फॉरवर्ड करतोय: ब्राउझर सगळं करतो, डेस्कटॉप ॲप बनवूच नका, बनवलंच तर इलेक्ट्रॉन (ॲपसोबत आख्खं क्रोमियम, म्हणजे क्रोमचं इंजिन, बांधून देणारं टूल) नको, टॉरी (तसंच टूल, पण इंजिन सोबत न देणारं) घेऊन सिस्टिमचाच वेबव्ह्यू (मशीनमध्ये आधीच असलेला, वेबपेज दाखवणारा भाग) वापरा, साइज छोटी, रॅम खात नाही आणि सगळीकडे सेम चालतं. दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून बोलतोय.

साइज छोटी होते, मान्य. पण रॅमचं काय? विंडोजवर तो वेबव्ह्यू म्हणजे वेबव्ह्यू२, म्हणजे एज, म्हणजे परत क्रोमियमच! टास्क मॅनेजर उघडा आणि त्याच्या ओळी मोजा. वाचते थोडी, नाही असं नाही, पण पोस्टवाले म्हणतात तेवढी नाही.

"सगळीकडे सेम" वर तर हसूच आलं. विंडोजवर क्रोमियम, मॅकवर वेबकिट, म्हणजे सफारीचं इंजिन, लिनक्सवर त्याचंच लिनक्स रूप वेबकिटजीटीके, कसलं सेम? मी रकमेत लाखाचे स्वल्पविराम टाकायला एक रेजेक्स (मजकुरातला पॅटर्न शोधणारा कोड) लिहिला, त्यात लुकबिहाइंड (आधीची अक्षरं तपासणारा भाग) होता, क्रोममध्ये तो २०१७ पासून चालतो, सफारीत आला २०२३ मध्ये १६.४ व्हर्जनला, आणि एका गिऱ्हाईकाचा मॅक त्याहून जुना, झालं, सिंटॅक्स एरर म्हणून आख्खी फाइलच चालेना, समोर पांढरी खिडकी. आणि तो फोनवर, "अहो साहेब, काहीच दिसत नाहीये."

आता "ब्राउझर सगळं करतो". वजनकाटा वाचतो, क्रोम ८९ पासून वेब सीरियल (ब्राउझरला सीरियल पोर्टवरच्या यंत्रांशी बोलू देणारी सोय) आहे, छान चालतं. पण प्रिंट? संध्याकाळी सातला काउंटरवर रांग लागलेली आणि दर बिलाला प्रिंटचा डायलॉग. किऑस्क प्रिंटिंगचा फ्लॅग (डायलॉग न दाखवता छापायची सेटिंग) लावून शॉर्टकट करून दिला तरी पोरगा नेहमीच्याच आयकॉनवरून क्रोम उघडणार. इलेक्ट्रॉनमध्ये प्रिंटच्या कोडमध्ये सायलेंट ट्रू केलं की डायलॉगच येत नाही, विषय संपला. शिवाय नेट नसताना केलेली बिलं ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये, आणि कुणीतरी "क्रोम स्लो झालंय" म्हणून साइट डेटासकट सगळं साफ केलं की गेली (एकदा गेलीयेत, दोन दिवस चोपड्यांवरून परत टाकत बसलो).

इलेक्ट्रॉन काही फुकटात पडत नाही हां. दर ८ आठवड्यांनी नवी मोठी व्हर्जन, सपोर्ट फक्त शेवटच्या तिनांना, म्हणजे क्रोमियमचे सिक्युरिटी पॅच तुमच्याच गळ्यात. हा ताप मी काउंटरच्या मशीनपुरता घेतो. मालकाचे रिपोर्ट ब्राउझरमध्येच देतो, त्याला रात्री जेवल्यावर मोबाइलवर गल्ला बघायचा असतो, तिथे सेटअप फाइल कोण पाठवत बसणार.