तळपायाची कमान दुखत असताना तत्कार वाढवू नका

लातूर-नांदेडकडच्या कथक-लावणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय : ‘कमान दुखली तर अनवाणी आणखी जोरात तत्कार (तालावर पाय आपटून केलेलं पायांचं काम) मारा, दुखणं रियाजात जिरतं.’ मुलींनो, हे साफ चूक आहे.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टी असते, प्लांटर फॅशिया. शहाबादी फरशीवर तासन्‌तास पाय आपटला की तिच्यावर ताण येतो. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते ना, ती बहुधा हिचीच. जोर लावून ती जिरत नाही, चिघळते.

नाच सोडायची गरज नाही. काही आठवडे पदन्यास कमी करा, हस्तक (हातांच्या हालचाली) आणि अभिनयावर भर द्या. उठण्याआधी पलंगावरच बोटं नडगीकडे ओढून १० सेकंद धरा, असं १० वेळा. बर्फाची बाटली तळपायाखाली फिरवली तर आराम पडतो. घरातही मऊ चप्पल घाला.

मात्र कमानीच्या वरच्या हाडावर एका बोटाने दाबताच ठणका लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे लगेच जा. तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो अनेकदा दिसतही नाही.