परदेशातून : पाचशेएकाव्याचं काय गेलं?

नाशिकच्या गेमिंग ग्रुपांवर, मग ते सिडकोतले असोत की कॉलेज रोडचे, हॅकरचा, म्हणजे 'पॅनल' नावाचं चोरटं सॉफ्टवेअर लावून खेळणाऱ्याचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "त्याने पॅनल लावलं तर तुझं काय गेलं? तुझा रँक तुझ्याकडेच आहे ना?" सेऊलमध्ये राहून हा वाद वाचताना मला त्या वाक्यातला हिशेबच चुकीचा वाटतो.

बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये प्लॅटिनम, डायमंड, क्राऊन हे गुणांचे टप्पे आहेत. दुसरा कुणी क्राऊनला पोचला म्हणून तुमचा क्राऊन काढून घेतला जात नाही. तिथे हे वाक्य थोडंफार खपून जाईल. कॉन्करर मात्र टप्पा नाही, ती जागा आहे. सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांनाच ती मिळते. समजा, त्यातले ४० जण पॅनलवर चढलेत. म्हणजे ५०१ ते ५४० नंबरवर असलेल्यांच्या हक्काच्या जागा गेल्या. त्यांना हे कधी कळतही नाही, आपणच कमी पडलो असं समजून ते रँक वर चढवायचा प्रयत्न सोडतात. नंतर त्या चाळीस आयडी उडाल्या तरी संपलेला सीझन पुन्हा खेळवला जात नाही.

बुद्धिबळात हा हिशेब जास्त स्वच्छ दिसतो, आणि नाशिककरांना तो परका नाही. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारताचा कर्णधार आपला विदित गुजराथीच होता. एलो या रेटिंग मोजण्याच्या पद्धतीत दोघांचं रेटिंग १५०० असेल आणि 'के', म्हणजे एका डावात जास्तीत जास्त किती गुण हलतील तो आकडा, २० असेल, तर हरणाऱ्याचे १० गुण जातात आणि तेच जिंकणाऱ्याला मिळतात. समोरचा इंजिन, म्हणजे चाली सुचवणारं सॉफ्टवेअर, बघून खेळत असेल, तर तुमचे १० गुण सरळ चोरीला गेले. चेस डॉट कॉम आणि लीचेस या बुद्धिबळाच्या साइट पकडलेल्या खात्याविरुद्ध गमावलेले गुण परत देतात, ही खरोखर चांगली सोय आहे. पण गुण परत आले तरी स्पर्धेतला हुकलेला तिसरा नंबर परत येत नाही.

सेऊलमध्ये या प्रश्नाकडे बघण्याची नजरच वेगळी आहे. २०१६ च्या अखेरीस कोरियाने गेम उद्योगाच्या कायद्यात दुरुस्ती केली. हॅक बनवणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला कैद किंवा दंड होऊ शकतो. २०१९ पासून पैसे घेऊन दुसऱ्याची आयडी चढवून देण्याचा धंदाही गुन्हा ठरला. त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी वॉनपर्यंत दंड. यात कुणाचं पाकीट मारलेलं नाही. तरीही रँक ही खोटी करता येणारी वस्तू आहे आणि ती खोटी केली की खऱ्याची किंमत उतरते, हे तिथल्या कायद्याने मान्य केलंय. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. चर्चा मात्र सगळी पैशांच्या गेमवरच झाली. कोरियाचा कायदा आपण जसाच्या तसा आणावा असं मी म्हणणार नाही. पण पॅनल विकणाऱ्याला धरायचं आणि ते वापरणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला आयडी बंद होण्याइतकीच शिक्षा, ही विभागणी घेण्यासारखी आहे.

सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. पॅनल बोकाळलं की चांगलं खेळणाराच संशयित ठरतो. रोज तासभर ट्रेनिंग ग्राउंडवर जायरो (फोन हलवून नेम धरणं) आणि स्प्रे (सलग गोळीबार) घोटून लांबवरचा हेडशॉट मारला, तरी लॉबीत पहिली प्रतिक्रिया "रिपोर्ट मार" हीच. २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या संघातल्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरवर ऐमबॉट, म्हणजे आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर, सापडलं. संघ बाद झाला, मग मोडलाच. उरलेल्या चौघांनी काही केलं नव्हतं.

म्हणून संशय घ्यायचा तर नीट घ्यावा. ईएसपी, म्हणजे भिंतीआडचे शत्रू दाखवणारं पॅनल, चालतं, कारण जवळपासचे शत्रू चित्रात दाखवायचे म्हणून त्यांच्या जागा सर्व्हर आधीच फोनला पाठवतो. पॅनल त्या मेमरीतून उचलून भिंतीवर चौकोन काढतं. मेल्यावर संशयिताचा खेळ बघताना (स्पेक्टेट) किल मोजू नका, त्याचा वावर बघा. प्रामाणिक खेळाडू डोळ्याचं बटण दाबून मागे बघतो, पावलांचा आवाज आला की थांबतो, रिकाम्या घरातही जपून शिरतो, आणि कधीकधी फसतो. ईएसपीवाला रिकाम्या घरात बेधडक घुसतो आणि भरलेल्या घराबाहेर मात्र आवाज नसतानाही थबकतो. तीन-चार घरं बघितली की फरक कळतो. एका हेडशॉटवरून काहीच कळत नाही.

नाशिकमध्ये कस्टम रूमच्या, म्हणजे गेममध्येच खासगी सामना लावून खेळवायच्या, छोट्या स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात बरंच आहे. मॅचआधी फोनच्या सेटिंगमध्ये दोन परवानग्या तपासा : 'इतर अ‍ॅपवर दिसणे' आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'. अनोळखी अ‍ॅपकडे यातली एखादी असेल तर ती बंद करायला लावा. एकाच फोनवर गेमची दुसरी प्रत चालवणारी ड्युअल-स्पेसची अ‍ॅप आणि बाहेरून टाकलेल्या एपीके फाइल चालणार नाहीत हे नियमातच लिहा. प्रत्येकाकडून स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या आणि वरच्या संघांकडून बोटं दिसतील असा हँडकॅमही.

खरी गोची होते ती नंतर कुणी पकडला गेल्यावर. १६ संघांच्या लॉबीत नेहमीच्या पद्धतीने पहिल्याला १० गुण, मग ६, ५, ४, ३, २, १, १, आणि प्रत्येक किलला १. पॅनलवाल्या संघाने एका चांगल्या संघाला नवव्या नंबरवर उडवलं तर त्यांना प्लेसमेंटचे शून्य गुण. त्या संघाला बाद करून यादी वर सरकवली की नववे आठवे होतात, १ गुण मिळतो. ते टिकले असते तर कदाचित ६ घेतले असते, पण हे कुठल्याच टेबलातून निघत नाही. म्हणून नुसतं नाव खोडून भागत नाही, तो सामना रद्द करून पुन्हा खेळवावा लागतो. त्यासाठी एक जादा सामन्याचा वेळ आधीच वेळापत्रकात धरा आणि सगळी रेकॉर्डिंग बघून होईपर्यंत बक्षीस वाटू नका.