सिंगल माल्टचा रंगीत नकाशा: पत्ता बरोबर, चव चुकलेली

सिंगल माल्ट व्हिस्कीची चव प्रदेशाप्रदेशाने सांगणारा, स्कॉटलंडच्या नकाशात रंग भरलेला एक संदेश सध्या सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: आयला म्हणजे धूर, स्पेसाइड म्हणजे मध आणि फळं, लोलँड म्हणजे हलकी, किनाऱ्यावरची म्हणजे खारी. प्यायची रूम टेंपरेचरला, पाण्याचा थेंब न घालता. जितकी जुनी आणि गडद, तितकी भारी. आणि गरम हवेतली ती खरी सिंगल माल्टच नव्हे.

आयला म्हणजे धूर. (उच्चार आयलाच. मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही.) आर्डबेग, लाफ्रॉइग, लागावुलिन या तिथल्या डिस्टिलऱ्यांपुरतं हे खरं. पण त्याच बेटावरची बुनाहावन मुख्यतः बिनधुराची व्हिस्की करते. ब्रुकलाडीच्या नावाने येणारी बाटली बिनधुराची, आणि त्याच भट्टीतली ऑक्टोमोर मात्र जगातल्या सर्वांत धुरकट व्हिस्क्यांपैकी एक. धूर येतो तो मोड आलेलं जव वाळवताना खाली पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचं जळण) जाळलं तर. पीट जाळायचं की नाही, हे डिस्टिलरी ठरवते.

कॅम्पबेलटाउन गावची स्प्रिंगबँक डिस्टिलरी तर एकाच आवारात तीन तऱ्हा काढते. हेझलबर्न बिनपीटची, तीनदा डिस्टिल केलेली. स्प्रिंगबँक हलक्या पीटची, ज्याला तिथे ‘अडीचदा’ म्हणतात तशी. लाँगरो भरपूर पीटची, दोनदा. नकाशात या गावाला रंग एकच.

2009 च्या स्कॉच नियमांत हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला ही पाच नावं आहेत, पण ती हद्दीपुरती. चवीबद्दल नियम चकार शब्द काढत नाहीत. स्काय बेटावरची धुरकट टॅलिस्कर कायद्याने हायलँडमध्ये मोडते. देवगड हापूस म्हटलं की आंब्याची जातही कळते; आयला म्हटलं की फक्त बेट कळतं.

किनाऱ्यावरची खारी. हे कोकणातल्या माणसाने तरी पुढे पाठवायला नको होतं. शिरोड्याच्या मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं. भट्टीतही तेच: मीठ वाफेबरोबर वर चढत नाही. समुद्राच्या वाऱ्यात खारे तुषार असतात, खिडकीचे गज त्यानेच गंजतात, हे मान्य. पण ओकच्या पिंपातून आत-बाहेर होते ती हवेची आणि वाफेची देवघेव; मीठ त्या वाटेने जात नाही. मग ‘खारं’ काय लागतं? बहुतेकदा पीटच्या धुरातली क्रेसॉलसारखी द्रव्यं. डांबर, टिंक्चर, बंदरावरचे ओले दोर असा वास आला की डोकं त्याला समुद्र जोडून टाकतं.

रूम टेंपरेचर. कुणाच्या रूमचं? स्कॉटलंडमधली खोली 18-20 अंशांची. मे महिन्यातली मालवणची 33 ची. इतक्या उष्णतेत अल्कोहोल भराभर उडतं, नाक चुरचुरतं आणि फळांचे नाजूक वास त्याखाली दबतात. बंद बाटली बर्फाच्या पाण्यात साधारण 10 मिनिटं ठेवा आणि ग्लासातलं तापमान 20 च्या आसपास आणा. ओतलेले ग्लास फ्रिजमध्ये ठेवू नका, कालच्या बांगड्याचा वास धरतील. ग्लासात बर्फ घातला तर उलटी चूक होते: वास बसतात, आणि वितळेल तसं प्रमाणही बदलत राहतं. तुलना करताना तर बर्फ नकोच.

पाणी नको. हा यातला सर्वांत नुकसानीचा सल्ला. व्हिस्की जोखणं ज्यांचा धंदा आहे ते ब्लेंडर नमुना सुमारे 20 टक्के अल्कोहोलपर्यंत पातळ करून हुंगतात. धुरकट वासाचं ग्वायकॉल हे द्रव्य पातळ व्हिस्कीत पृष्ठभागाकडे सरकतं, तर 59 टक्क्यांच्या वर आतच अडकून राहतं, असं 2017 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी संगणकीय प्रारूपातून दाखवलं. मापासाठी औषधाच्या दुकानातली 5 मिलीची सिरिंज पुरते. 46 टक्क्यांच्या 15 मिलीत 2 मिली पाणी घातलं की साधारण 40 टक्के, आणखी 6 मिली घातलं की 30. पाणी न मिसळता थेट पिंपातून भरलेली 58 टक्क्यांची असेल तर 40 वर यायला जवळपास 7 मिली लागतं. थांबत थांबत घाला. जास्त झालं तर चव पचपचीत होते. पाणी आरओचं किंवा बाटलीचं घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी घातलंत, तर ‘खारी’ व्हिस्की मात्र नक्की मिळेल.

जुनी, गडद. रंगासाठी स्कॉचमध्ये साधा कॅरेमल घालायला परवानगी आहे, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नका. वयाचा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण दारूचा असतो, आणि तो हवेनुसार वाचावा लागतो. पिंपातून स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे 2 टक्के उडते, बंगळुरूत 10 टक्क्यांहून जास्त. इथे बारा वर्षं थांबलं तर पिंपात हाती फारसं उरणार नाही, आणि उरेल त्याला लाकडाचा कडवटपणा असेल.

गरम हवेतली खरी नव्हे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, जवापासून केलेली. त्यात थंडी कुठेच नाही. गोव्यात कुंकळ्ळीला होणारी पॉल जॉन भारतीय जवाची. तिची ब्रिलियन्स बिनपीटची, तर बोल्डसाठी पीट स्कॉटलंडहून येतं. दोन्ही 46 टक्के. नकाशात गोव्याला कोणता रंग देणार?

ताडून पाहायचं तर बुनाहावन 12, बोल्ड आणि एखादी स्पेसाइड घ्या. ग्लास तोंडाशी निमुळते, प्रत्येकात 15 मिली, ग्लासाखाली नावाऐवजी फक्त आकडे. ओतणारा आणि चाखणारा वेगळा. आधी सगळे नुसते हुंगा. ज्यात धूर सापडेल तो शेवटी प्या, नाहीतर पुढचे दोन्ही धुरकटच लागतील. खोलीत मच्छर कॉइल, अगरबत्ती किंवा तळणीचा वास नको. मधे कोरा पाव आणि पाणी. सोलकढी शेवटचा ग्लास संपल्यावरच, कारण नारळाच्या रसाचा थर जिभेवर बसला की पुढची कुठलीही व्हिस्की मऊच लागते.