‘सूत’ हा एक शब्द नव्हे : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरात गेल्या काही महिन्यांपासून ‘सूत’ या शब्दाविषयीचा एक लांबलचक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. माझ्याकडे तो दोन माजी विद्यार्थ्यांनी पाठवला. दोघेही आज सुताच्या व्यवहारात आहेत, आणि आपल्या धंद्यातील शब्दाला एवढा मोठा वारसा आहे हे वाचून त्यांना झालेला आनंद मला समजतो. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ‘सूत’ म्हणजे धागा आणि ज्या ज्या मराठी शब्दात ‘सूत’ ऐकू येते तो प्रत्येक शब्द याच धाग्यातून निघाला. लगाम हाती धरतो म्हणून सारथी ‘सूत’, म्हणून सूतपुत्र कर्ण हा विणकरांचा पूर्वज. ‘सूतोवाच’ म्हणजे चरख्यावर पहिला धागा ओढणे. आयुष्याचा धागा तुटतो म्हणून ‘सुतक’. ‘सूतशेखर’ हे तंतुमय वनस्पतींचे निर्धोक औषध. सुताराने हा शब्द विणकराकडून उसना घेतला आणि त्याच्या मापातील एक सूत म्हणजे एका धाग्याची जाडी. ‘गुणसूत्र’सारखे शब्द मात्र पाठ्यपुस्तके करणाऱ्यांनी ओढूनताणून बनवले. शेवटी, असा शब्द जगातील दुसऱ्या कोणत्याही भाषेत नाही.

यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत. आयुष्यभर मराठी शिकवल्यानंतर आणि यंत्रमागांच्या आवाजात वाढल्यानंतर त्यांकडे काणाडोळा करणे मला जमत नाही.

सर्वांत मोठी चूक पायातच आहे. मराठीत ‘सूत’ असे लिहिले जाणारे निदान दोन स्वतंत्र शब्द आहेत. धाग्याचे सूत संस्कृत ‘सूत्र’ या शब्दापासून आले. ‘सूत्र’चे प्राकृतात ‘सुत्त’ झाले आणि मराठीत जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला. ‘पुत्र’चे ‘पुत्त’ आणि पुढे ‘पूत’, ‘सप्त’चे ‘सत्त’ आणि पुढे ‘सात’, ‘हस्त’चे ‘हत्थ’ आणि पुढे ‘हात’ झाले, तीच ही वाट आहे. सारथी या अर्थाचा ‘सूत’ मात्र या वाटेने आलेला नाही, कारण तो संस्कृतातच, आणि तोही फार जुन्या संस्कृतात, ‘सूत’ याच रूपात सापडतो. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडात राजाला राजेपण देणाऱ्यांमध्ये ‘सूत’ आणि ‘ग्रामणी’ (गावाचा प्रमुख) यांचा उल्लेख शेजारीशेजारी येतो. ज्या काळात धाग्याला ‘सूत्र’च म्हणत होते, त्या काळात सारथ्याला ‘सूत’ म्हणत होते. ‘त्र’चा ‘त’ होण्याची प्रक्रिया नंतरची आहे, त्यामुळे लगामाच्या धाग्यावरून सारथ्याला नाव पडले, ही कल्पना कालक्रमातच बसत नाही. ‘सू’ म्हणजे प्रेरणा देणे, हाकणे, या धातूशी तो शब्द जोडण्याकडे कोशकारांचा कल दिसतो. ती जोडणीही सर्वांना पूर्ण मान्य आहे असे नाही, पण धाग्याशी त्याचा संबंध कोणी लावलेला नाही.

यासाठी वेद उघडण्याचीही गरज नाही, कारण मराठी व्याकरणच साक्ष देते. धाग्याचे ते सूत नपुंसकलिंगी आणि सारथी असलेला तो सूत पुल्लिंगी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतील, कोणताही कारखानदार ‘सूत आलं का’ असेच विचारतो, ‘सूत आला का’ असे कधी विचारत नाही. लेखनातही फरक आहे. धाग्याचे सूत तद्भव, म्हणजे संस्कृतातून बदलत आलेले, असल्याने त्याचा उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो आणि आपण सुताचा, सुताला, सुतावर असे लिहितो. सारथी सूत तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, असल्याने त्याचा दीर्घ उकार नियमाने कायम राहतो आणि सूताचा, सूताला असे लिहिले जाते. एकाच शब्दाचे दोन अर्थ असते तर लिंगही बदलले नसते आणि सामान्यरूपही.

आता कर्णाविषयी. कर्णाला वाढवणारा अधिरथ हा सूत होता, म्हणून कर्ण सूतपुत्र ठरला. मनुस्मृतीत क्षत्रिय पिता आणि ब्राह्मण माता यांच्या संततीला सूत म्हटले आहे, आणि रथ हाकणे व राजवंशांच्या कथा जतन करून सांगणे ही सूतांची कामे मानली गेली. धृतराष्ट्राला युद्धाचा वृत्तान्त सांगणारा संजय सूतच होता. या वर्णनात माग नाही, धोटा नाही आणि धागाही नाही. सोलापूरच्या पद्मशाली या विणकर समाजाची स्वतःची परंपरा मार्कंडेय ऋषींशी आणि कमळाच्या देठातील तंतूंपासून वस्त्र विणणाऱ्या भावनाऋषींशी नाते सांगते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथोत्सव याच शहरात निघतो. ही कथा विणकामाचीच आहे आणि समाजाने ती पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. ती बाजूला सारून केवळ ध्वनिसाम्यामुळे कर्णाला पूर्वज करणे म्हणजे कर्णाच्या कथेवरही आणि विणकरांच्या कथेवरही अन्याय आहे.

‘सूतोवाच’ हा शब्द याच पुल्लिंगी सूताचा आहे. नैमिषारण्यात जमलेल्या ऋषींना उग्रश्रवा सूताने महाभारत ऐकवले, आणि कितीतरी पुराणांत कथनाचा आरंभ ‘सूत उवाच’, म्हणजे ‘सूत म्हणाला’, या शब्दांनी होतो. त्यावरून एखाद्या गोष्टीचा पहिला उल्लेख करणे याला मराठीत ‘सूतोवाच करणे’ म्हणू लागले. संस्कृत संधिनियमांप्रमाणे येथे विसर्ग लोपल्यावर पुन्हा संधी होत नाही, म्हणून मूळ ग्रंथांत ‘सूत उवाच’ असे सुटेच राहते. ‘सूतोवाच’ हा जोड मराठीने आपल्या सोयीने केला आणि तो आता पूर्ण मराठी शब्द आहे. तो चुकीचा म्हणून टाकावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. चरख्याशी मात्र त्याला जोडू नये.

सुतकाच्या बाबतीत संदेशाने अर्थ उलटाच केला आहे. संस्कृतात ‘सूतक’ हे जन्मामुळे येणारे अशौच होते. प्रसूती, प्रसूत, सूतिकागृह यांत जो ‘सू’ म्हणजे जन्म देणे हा धातू आहे, तोच या शब्दात आहे. पुढे अर्थ विस्तारून मृत्यूचे अशौचही त्यात आले आणि आज मराठी घरांत जन्माचे ते ‘सोयर’ व मृत्यूचे ते ‘सुतक’ अशी वाटणी दिसते, ‘सोयरसुतक’ या जोडशब्दात दोन्ही एकत्र आहेत. ज्या शब्दाचा उगम जन्मात आहे, त्याचा अर्थ धागा तुटण्यातून लावणे चुकीचे आहे. संदेशात जाता जाता ‘सुतराम संबंध नाही’ मधील ‘सुतराम’लाही धाग्याला बांधले आहे. तो ‘सु’ या उपसर्गाला ‘तराम्’ प्रत्यय लागून झालेला ‘अत्यंत, मुळीच’ अशा अर्थाचा संस्कृत अव्ययशब्द आहे, एवढे सांगणे पुरे.

सूतशेखराविषयीचे विधान मला सर्वांत अधिक खटकले, कारण येथे चुकीच्या व्युत्पत्तीचा परिणाम माणसाच्या शरीरावर होऊ शकतो. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातील धातू-खनिजांच्या औषधशास्त्रात, ‘सूत’ हे पाऱ्याचे नाव आहे. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात पाऱ्याचे रस, रसेंद्र, सूत, पारद आणि मिश्रक असे पाच प्रकार सांगितले आहेत. आम्लपित्तावर दिल्या जाणाऱ्या सूतशेखर रसात शोधित पारा आणि गंधक हे घटक असतात आणि त्या पाऱ्यावरूनच त्याचे नाव पडले आहे. उलट लघुसूतशेखर नावाच्या कल्पात पारा नसतो, त्यात सोनगेरू, सुंठ आणि विड्याच्या पानांचा रस असतो. म्हणजे नावात ‘सूत’ दोन्हीकडे असले तरी दोन औषधे एक नव्हेत. ‘सूत म्हणजे धागा, तेव्हा ही साधी वनस्पतींची गोळी आहे’ असे समजून कोणी ती मनाने घेत राहिला, तर त्या गैरसमजाची जबाबदारी असा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांवरही येते. हे औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आता सुताराकडे वळू. येथे संदेश एका खऱ्या नात्याच्या अगदी जवळ जाऊन परत फिरला, याचे मला वाईट वाटते. सुताराने ‘सूत’ उसने घेतले नाही, त्याचे नावच सुतावरून पडले आहे. संस्कृत ‘सूत्रधार’, म्हणजे मापाची व आखणीची दोरी धरणारा, याचे प्राकृतात ‘सुत्तहार’ आणि मराठीत ‘सुतार’ झाले. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयाला असलेला स्थपती मंडन हा ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच ओळखला जातो. नाटकाच्या आरंभी रंगभूमीवर येणारा सूत्रधार आणि लाकडावर रंधा मारणारा सुतार हे शब्द म्हणून सख्खे भाऊ आहेत. एक संस्कृत रूपात राहिला, दुसरा लोकांच्या तोंडी झिजला. रंगात भिजवलेली दोरी फळीवर ताणून धरायची, मध्ये उचलून सोडायची आणि उमटलेल्या सरळ रेघेवर करवत चालवायची, हे काम ज्याने पाहिले आहे त्याला ‘सुतासारखा सरळ’ या बोलण्यात कोणते सूत आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

मापाचे सूत एका धाग्याच्या जाडीइतके असते, हे विधान तर सोलापुरात टिकूच नये, कारण येथे सुताचा नंबर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. कापसाच्या सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० वारांच्या किती लड्या बसतात ती संख्या, त्यामुळे नंबर वाढला की सूत बारीक होते. धाग्याची जाडी काढण्याचा वस्त्रोद्योगातील ठोकताळा असा आहे की नंबराच्या वर्गमुळाला २८ ने गुणावे आणि एका इंचाला त्या संख्येने भागावे. २० नंबरच्या सुताचा व्यास यावरून इंचाचा सुमारे १२५ वा भाग, म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर निघतो. सुताराचे सूत त्याच्या पंधरापटीहून अधिक जाड झाले. अगदी एक नंबरचे जाडेभरडे सूत घेतले तरी ते एका मिलिमीटरच्या आतच राहते. मला वाटते, सुताराच्या मापातील सूत हे आखलेल्या रेघेचे सूत असावे, धाग्याच्या जाडीचे नव्हे.

हे माप किती चिवट आहे तेही पाहावे. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, सळया मिलिमीटरमध्ये तयार होऊ लागल्या, तरी बांधकामावर आजही १० मिलिमीटरच्या सळईला तीन सूत, १२ ला चार सूत आणि १६ ला पाच सूत म्हणतात. हिशेबाने तीन सूत ९.५ मिलिमीटर आणि चार सूत १२.७ मिलिमीटर होतात, पण गवंडी आणि दुकानदार एकमेकांना अचूक समजतात.

शास्त्रातील ‘सूत्र’ शब्दांवर ओढूनताणून केल्याचा आरोप अज्ञानातून आला आहे. मोठा आशय थोड्या अक्षरांत ओवणारे वाक्य ते सूत्र, हा अर्थ पाणिनीच्या सुमारे ४००० सूत्रांइतका तरी जुना आहे. ‘अल्पाक्षरमसन्दिग्धं’ या प्रसिद्ध श्लोकात सूत्राचे पहिले लक्षणच कमी अक्षरे आणि निःसंदिग्ध अर्थ असे सांगितले आहे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू आहे हे तीन चिन्हांत सांगणाऱ्या लेखनाला ‘रेणुसूत्र’ म्हणणे या व्याख्येत चपखल बसते. जीवशास्त्रातील शब्द तर धाग्याच्या अर्थाशीही प्रामाणिक आहेत. पेशी विभागताना केंद्रकात धाग्यांसारख्या आकृती दिसतात हे पाहून जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ साली त्या क्रियेला ‘मायटोसिस’ हे नाव दिले. ते ‘मिटोस’ या ग्रीक शब्दावरून आले आणि मिटोस म्हणजे धागा. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘सूत्री विभाजन’ हा त्याचा नेमका प्रतिशब्द आहे. ‘मायटोकाँड्रिया’मध्येही हाच मिटोस आहे आणि मराठीने त्याला ‘तंतुकणिका’ म्हटले. ‘गुणसूत्र’ या शब्दाबाबत मराठीने मूळ नाव सोडले हे खरे, कारण ‘क्रोमोसोम’चा शब्दशः अर्थ ‘रंगीत काया’ असा होतो. पण आनुवंशिक गुण वाहून नेणारा धागा हे वर्णन विद्यार्थ्याला रंगीत कायेपेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते. वर्गात ‘गुणसूत्रे ४६ असतात’ एवढे पाठ करून घेण्याऐवजी हा शब्द फोडून दाखवला की मुलांचे चेहरे उजळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शेवटचा दावा, म्हणजे असा शब्द अन्य भाषेत नाही, तो खोडण्यासाठी ग्रीकपर्यंत जाण्याची गरज नाही. तमिळमध्ये ‘नूल्’ म्हणजे धागा, आणि ‘नूल्’ म्हणजे ग्रंथही, अगदी सूत आणि सूत्र यांच्यासारखेच. याच कुळातील ‘नूलु’ हा शब्द तेलुगूतही धाग्यासाठी आहे आणि कन्नडमध्येही. सोलापुरात तो रोज कानावर पडतो. पूर्व भागातील ज्या तेलुगू बोलणाऱ्या घरात आजी मागाला ‘मग्गम’ आणि सुताला ‘नूलु’ म्हणते, त्याच घरातील नातू चाटी गल्लीच्या बाजारात जाऊन मराठीत सुताचा भाव विचारतो.