सल्ला घेता, मग उत्तरही द्या

इंदूरच्या रामबागेतल्या ओटल्यावर काल पुन्हा बीआरटीएसवरून, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गावरून, पेटलं. अण्णा म्हणाले, "२०१३ मध्ये सुरू केला तेव्हा आपल्यापैकी कुणाला विचारलं होतं? आता काढायचं ठरवताना तरी?"

"मग नगरसेवक कशाला निवडून देता?" मंदार उसळला. "सल्लागार समिती केली की तेच चेहरे बसणार. व्यापारी, डॉक्टर, रिटायर्ड साहेब. एलआयजी चौकात बस पकडणारी धुणीभांडीवाली बाई दिसेल का तिथे?"

हा मुद्दा बिनतोड होता. वहिनींनी आयर्लंड काढलं. तिथे २०१६ मध्ये नागरिक सभा बसवली. अध्यक्ष सोडून ९९ माणसं, वय, प्रदेश, सामाजिक थर सांभाळून जवळजवळ सोडतीनेच निवडलेली. शनिवार-रविवारी बसून त्यांनी तज्ज्ञांचं ऐकलं आणि गर्भपातावरची घटनात्मक बंदी हटवा म्हणाले. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी तेच केलं.

"भिया, ते आयर्लंड!" मंदार म्हणाला.

"बाहेर कशाला जायचं?" अण्णा म्हणाले. "७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. तीन लाख किंवा जास्त वस्ती असलेल्या शहरात वॉर्ड समित्या हव्यातच. त्यात नगरसेवकांखेरीज कोण बसणार, ते मात्र राज्यांवर सोडलंय."

मला सोडतीपेक्षा ती सभा नेमणाऱ्या आयरिश ठरावातली दुसरी अट मोलाची वाटते. सभेच्या प्रत्येक शिफारशीला सरकारने संसदेत उत्तर द्यायचं. आपल्याकडे केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवा, आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करा. पण ते धोरणच, कायदा नव्हे. लोकांचं मत घ्यायला बोलावलेल्या एका बैठकीत मी गेलो होतो, तिथे चहा-समोसा, हजेरीची सही, फोटो, सगळं झालं. फुटपाथ अडवून बसलेल्या विजेच्या डीपीबद्दल एक आजोबा तळमळून बोलले. ते वहीत उतरलं की नाही, हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नाही. अशा माणसाने पुढच्या बैठकीला का यावं?

"आणि उत्तरात 'विचाराधीन' लिहून दिलं तर?" मंदारने विचारलं.

"तर तारीख मागायची," वहिनी म्हणाल्या. "नाही म्हणा, पण का नाही ते लिहून द्या."

"बरं, सोडतीत त्या बाईचं नाव निघालं, तर तिच्या खाड्याचे पैसे?"

"महापालिकेने द्यायचे," अण्णा म्हणाले. मंदारला हे पटलं. नगरसेवकाचा मुद्दा मात्र त्याने अजून सोडलेला नाही.