तेवीस किलोंतली सेवा

तरुण मिशनरी जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन केनियाला निघालं, की आमच्या कोल्हापुरात चर्चच्या मंडळीत आधी प्रार्थना होते आणि मग सामान यायला लागतं. प्रार्थनेला वजन नसतं, बाकी सगळ्याला असतं. बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटात एका बॅगेला २३ किलो देतात. माझं ऐकाल तर निरोपाच्या उपासनेत पाळकसाहेबांच्या शेजारी वजनकाटाही ठेवावा. घरी काटा २२ वर थांबला की पुढं काही भरू नये. विमानतळावरचा काटा कोल्हापूरच्या काट्याचं ऐकत नाही.

१८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांच्या सामानात काय होतं कुणास ठाऊक, चटणी नव्हती एवढं नक्की.

आपल्याकडं पहिला मान तिचाच. डंकावरून, म्हणजे मसाले कुटायच्या गिरणीवरून, आणलेली ही मसाल्याची चटणी गरम असते. तशीच डब्यात कोंबली तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात, बुरशी येते. परातीत पसरून पूर्ण निवू द्यावी. पुढचं संकट तेलाचं. तळलेला कांदा, खोबरं, तीळ कुटले की तेल सोडतात आणि ते पातळ पिशवीतून पाझरत बरोबर उपासनेच्या पांढऱ्या शर्टापर्यंत पोचतं. पिशवीवर पिशवी चढवावी, तर केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तेव्हा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा, वर दोन बोटं मोकळी जागा, तोंडावर बटरपेपर, झाकणाभोवती चिकटपट्टी, त्यावर जुना टॉवेल, आणि हे सगळं बॅगेच्या मधोमध काळ्या कपड्यांत. रोज दहा ग्रॅम धरले तरी वर्षाला साडेतीन किलोंच्या वर होतात. हे गणित मावशींना सांगू नये, त्या दहाच्या जागी पन्नास धरतात.

खोबऱ्याच्या वाट्या मात्र नकोतच. सुकं खोबरं हवाई वाहतुकीच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. यादीतला त्याचा क्रमांक यूएन १३६३. ‘आवो, खोबरं कधी पेटलंय व्हय?’ असं म्हणत चार वाट्या येतातच. त्या इथंच किसून भाजून संपवाव्यात. मटणाच्या लोणच्याचंही तेच करावं, कारण मांसाचे पदार्थ सीमेवर अडकतात. या सेवेला माणसं लगेच मिळतात.

भडंगाचं दुखणं निराळं. वजन नाही म्हणून घ्यावं, तर किलोभर भडंग अर्धी बॅग अडवतं आणि नैरोबीला पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. पिठं नेऊच नयेत. ज्वारीचं पीठ तिथं मिळतं आणि चपाती तर केनियातही लाटतात.

कुकर मात्र न्यावाच. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे. तिथं पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. सोबत दोन रबरी रिंगा, एक शिट्टी, एक सेफ्टी व्हॉल्व्ह. पोकळ पोटात बाळाचे मोजे, टोपडी. मिक्सरचा मोह आवरावा. वीज तिथं २४० व्होल्ट, आपल्याकडं २३०, त्यानं काही बिघडत नाही. पण तिथल्या प्लगच्या पिना जाड चौकोनी. जोडपिन खिशात मावते, भांड्यांसकट मिक्सर मात्र बॅगेतली चटणीची जागा खातो. मग चटणी की मिक्सर, यावर घरात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

या गडबडीत पिवळ्या तापाची लस राहते. परत येताना तिचा दाखला भारतातच मागतात. तो लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून जन्मभर चालतो. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत.

एकदा ते पोचले की रोजचा व्हिडिओ कॉल. केनिया अडीच तास मागं. इथं जेवणं उरकून निवांत नऊला फोन लावावा, तर तिथं साडेसहा, म्हणजे बाळाला भरवायची वेळ. पडद्यावर एक चमचा, एक कान आणि बाकी छत दिसतं. प्रश्न ठरलेला: ‘चटणी हाय न्हवं?’ ‘आहे’ म्हटलं तर ‘मग खात न्हाईसा व्हय?’ आणि ‘संपली’ म्हटलं की मंडळीतून पुढं कोण केनियाला जाणार याची चौकशी सुरू होते. त्या बिचाऱ्याचा प्रवेशाचा परवाना यायच्या आत त्याचे २३ किलो वाटून झालेले असतात.